ऑफिसात कधीच होत नाही, पॅकहाउसवर हमखास होतं: स्टोरेजच्या कोडमधला किडा कसा पकडावा?

अंबडकर_७ · सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून लिहितोय. स्वार्थी आहे, मान्य.

अंबड एमआयडीसीत आमची सात माणसांची कंपनी. कोल्ड स्टोरेज आणि द्राक्षांच्या पॅकहाउससाठी तापमानाची नोंद ठेवणारी पेटी बनवतो. आत चार कोअरचा एआरएम बोर्ड, ईएमएमसी (बोर्डावरची कायमच्या साठवणीची चिप), लिनक्स ४.१९. निर्यातीचा माल असला की खरेदीदार प्रीकूलिंगपासून कंटेनर भरेपर्यंतची सगळी तापमानं मागतो. मधली एक नोंद नसली तरी प्रश्न सुरू.

नोंदी लिहायला आमच्याकडे स्वतःचं कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात बसणारा कोड) आहे. ज्याने लिहिलं तो आता पुण्यात, फोन उचलत नाही. ४ केबीचे ब्लॉक मेमरीत असतात, नोंदी त्यात भरत जातात, आणि मागे एक फ्लशर थ्रेड (समांतर चालणारं काम) दर ५ सेकंदांनी उठून बदललेले ब्लॉक ईएमएमसीवर उतरवतो.

त्रास असा. पिंपळगावकडच्या एका पॅकहाउसवर आठवड्याला पाच-सहा नोंदी गायब होतात. त्या जागी शून्यं. कळतं नेहमी लाईट जाऊन पेटी पुन्हा चालू झाल्यावर. ऑफिसात हाच कोड तीन आठवडे चालू आहे, एकही नोंद गेली नाही. पॅकहाउसवर जाऊन कोडमध्ये प्रिंट घातल्या, तर नऊ दिवस सगळं सुरळीत, त्यात लाईट चार वेळा गेली. प्रिंट काढल्या आणि तिसऱ्या दिवशी नोंद गायब!

ही रेस कंडिशन असावी असं वाटतं, म्हणजे दोन थ्रेडच्या वेळा नको तशा जुळल्या की होणारी चूक. पण ती पकडतात कशी? आणि तीच आहे हे तरी कशावरून? हंगाम ऐन भरात आहे, मालकाचा रोज सकाळी सातला फोन येतो.

एकलहरे_निवृत्त · सोमवार, रात्री ११:३२

तुम्हीच लिहिलंय की लाईट गेल्यावर नोंद जाते. मग कोड कशाला उकरताय? यूपीएस लावा. आयुष्य विजेत गेलं, दहातल्या आठ तक्रारी शेवटी अर्थिंगवर येतात.

तर्रीबाज · सोमवार, रात्री ११:४०

प्रिंट घातली की किडा जातो ना? मग प्रिंट ठेवा आणि 'प्रीमियम व्हर्जन' म्हणून बिल लावा.

अंबडकर_७ · मंगळवार, सकाळी ७:१५

@एकलहरे_निवृत्त काका, आत सुपरकपॅसिटर आहे, लाईट गेल्यावर २० सेकंद मिळतात. तेवढ्यात एक वेगळा थ्रेड उरलेले डर्टी (बदललेले, पण अजून न उतरवलेले) ब्लॉक लिहितो आणि मगच पेटी बंद करतो. लॉग बघितले, तो थ्रेड प्रत्येक वेळी 'सगळं लिहून झालं' म्हणूनच थांबलाय.

@तर्रीबाज मालकाला हा सल्ला दाखवू नका, खरंच करेल तो.

व्हर्जन_तपासलं_का · मंगळवार, सकाळी ९:०५

४.१९? थांबा. २०१८ च्या शेवटी ४.१९ मध्ये डेटा खराब होण्याचा मोठा गोंधळ झाला होता. सगळ्यांनी आधी ईएक्सटी४ फाइलसिस्टीमला धरलं, निघाला तो खालच्या ब्लॉक लेयरमध्ये. एखादी रिक्वेस्ट थेट डिव्हाइसकडे धाडली आणि डिव्हाइस 'बिझी' म्हणालं, की ती परत रांगेत यायची. पण तोवर एससीएसआयच्या थराने तिच्या पत्त्यांची यादी बनवून ठेवलेली असायची. रांगेत तिला दुसरी रिक्वेस्ट जोडली गेली, तरी यादी जुनीच. मग लिहिला जायचा फक्त मूळ तुकडा. ४.१९.८ मध्ये दुरुस्त झालं. तुमचं नेमकं कितवं?

अंबडकर_७ · मंगळवार, सकाळी ९:२०

४.१९.९४. आणि मध्ये एससीएसआय नाहीच. पण धन्यवाद, हे माहीत नव्हतं.

मेनरोडचा_मुंगळा · मंगळवार, सकाळी ९:५१

डुप्लिकेट ईएमएमसी असणार. मी एकदा ६४ जीबीचं कार्ड घेतलं, आत ८ निघालं.

कर्नलकाका · मंगळवार, दुपारी १:३०

(नावावरून दरवेळी कोणीतरी विचारतं म्हणून आधीच सांगतो. फौजेत नव्हतो. हा तो कर्नल नाही, तोच कर्नल.)

अंबडकर, जरा दमाने घ्या. अशा कामात लोक पहिल्या दिवशीच कोड बदलायला घेतात आणि हातात असलेला एकमेव पुरावा घालवून बसतात. आधी चार प्रश्न.

नोंद गायब म्हणजे ब्लॉकमधली कितवी? हेक्सडंप (बाइट सोळाच्या अंकपद्धतीत छापून) काढून प्रत्येक गायब नोंदीचा ब्लॉकच्या आतला ऑफसेट, म्हणजे सुरुवातीपासून कितवा बाइट, लिहून काढा. कागदावर काढा, एकाखाली एक. ऑफसेट विखुरलेले असतील तर हार्डवेअर, वीज, डुप्लिकेट चिप, काहीही असू शकतं. पण ते एकाच जागी येत असतील तर त्या जागेला काहीतरी अर्थ आहे.

गायब नोंद कुठल्या सेन्सरची?

पेटी चालू असताना तीच नोंद वाचली तर दिसते का?

ऑफिसातली पेटी तीन आठवड्यांत बंद करून चालू किती वेळा केली?

आणि प्रिंटबद्दल. सीरियल कन्सोल ११५२०० वर असेल तर सेकंदाला साधारण ११,५०० अक्षरं जातात. ८० अक्षरांची एक ओळ म्हणजे ७ मिलिसेकंद, आणि तुमच्या कर्नलमध्ये तेवढा वेळ बहुतेकदा छापणारा थ्रेडच अडकून राहतो. सोळा सेन्सर असतील तर फेरीमागे शंभरेक मिलिसेकंद वाढले. किडा मेला नाही, दोघांच्या वेळा सरकल्या आणि त्यांची गाठ पडेनाशी झाली. यापुढे छापायचंच असेल तर ट्रेस-प्रिंटके वापरा. ते मेमरीतच लिहितं, कन्सोलकडे जात नाही.

तर्रीबाज · मंगळवार, दुपारी १:४४

म्हणजे पाहुणे आले की पोरं शहाण्यासारखी बसतात, तसं.

गोदाकाठची · मंगळवार, दुपारी २:१०

जरा अवांतर. 'रेस कंडिशन'ला मराठीत काय म्हणायचं? 'शर्यतीची अट' म्हटलं तर सातबाऱ्यावरचा शेरा वाटतो.

मेनरोडचा_मुंगळा · मंगळवार, दुपारी २:१५

हातघाई?

गोदाकाठची · मंगळवार, दुपारी २:२२

हातघाईत भांडण आहे. इथे दोघंही आपापलं काम नीट करतायत, फक्त वेळ जुळत नाही. 'चुकामूक' कसा वाटतो? मी सीबीएसवर उभी, तू मेळा स्टँडवर, दोघंही वेळेवर, आणि भेट नाही.

कर्नलकाका · मंगळवार, दुपारी २:४०

चुकामूक झकास. यापुढे तोच.

एकलहरे_निवृत्त · मंगळवार, दुपारी ४:०५

तुमची ही चुकामूक विजेच्या खात्यालाही नवी नाही बरं. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ओंटारिओ अंधारात गेला, पाच कोटींच्या आसपास लोक. सुरुवात वाढलेल्या झाडांना टेकलेल्या तारांची. पण एका वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये अलार्मचं सॉफ्टवेअर रेस कंडिशनने अडकून बसलं होतं, आणि ऑपरेटरना तासाभराहून जास्त वेळ त्याचा पत्ता नव्हता. अलार्म वाजत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून ते बसले. आम्हाला कंट्रोल रूममध्ये एक म्हातारे इंजिनिअर सांगायचे, शांत पॅनेलकडे जास्त बघा. पुढे हे वाचलं तेव्हा त्यांची आठवण झाली.

तरी यूपीएसचं मनावर घ्याच.

अंबडकर_७ · मंगळवार, रात्री १०:५५

कर्नलकाका, हात जोडले.

चौदा गायब नोंदींचे हेक्सडंप होते माझ्याकडे, कागदावर एकाखाली एक ऑफसेट लिहिले. चौदाच्या चौदा एफ-सी-शून्य. म्हणजे ४०३२. आमची नोंद ६४ बाइटची, ब्लॉकमध्ये ६४ नोंदी. ४०३२ म्हणजे चौसष्टावी. प्रत्येक वेळी ब्लॉकमधली शेवटची! ६३ जशाच्या तशा, आणि शेवटच्या ओळीत नुसती शून्यं.

सेन्सर नेहमी १६ नंबरचा. (इथे कबुली देतो. गेल्या महिन्यात याच कारणाने १६ नंबरचा सेन्सर आणि त्याची अख्खी केबल बदलली होती. बिलही लावलं.) पॅकहाउसवर १६ सेन्सर आहेत, दर १० सेकंदांनी एक फेरी. चार फेऱ्यांत ब्लॉक भरतो, म्हणून चौसष्टावी नोंद कायम १६ नंबरचीच येणार. सेन्सर बिचारा निर्दोष.

पेटी चालू असताना नोंद दिसते का? दिसते, कारण वाचतो मेमरीतून. ३२ एमबीची कॅश आहे, ८१९२ ब्लॉक. पॅकहाउसवर ४० सेकंदाला एक ब्लॉक, म्हणजे पावणेचार दिवसांच्या नोंदी मेमरीतच असतात.

आता चौथा प्रश्न. ऑफिसातली पेटी तीन आठवड्यांत एकदाही बंद केलेली नव्हती. तिला दोनच सेन्सर, ब्लॉक भरायला सव्वापाच मिनिटांच्या वर लागतात, तिच्या कॅशमध्ये महिना मावतो. आज रात्री आठला मी तिची पिन काढली आणि परत लावली.

दोन नोंदी गायब.

तर्रीबाज · मंगळवार, रात्री ११:०२

अंगावर काटा आला राव. धाग्याचं शीर्षक बदला.

तिसरं_वर्ष_पास · मंगळवार, रात्री ११:३०

मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही एमआयटीचं एक्सव्ही६ (शिकवण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) घेऊन त्यातल्या बफर कॅशचा लॅब करतोय. मूळ कोडमध्ये ३० बफरना मिळून एकच कुलूप (लॉक) आहे. ते तोडून हॅश बकेट (बफरचे छोटे गट) करायचे आणि प्रत्येक बकेटला वेगळं कुलूप द्यायचं.

माझ्यात असं होत होतं: दोन प्रोसेस एकाच वेळी एकच ब्लॉक मागतात, दोघींना तो कॅशमध्ये सापडत नाही, दोघी आपापला बफर घेतात. एकाच ब्लॉकच्या दोन प्रती. एकीने लिहिलेलं दुसरी पुसते. टेस्टमध्ये 'फ्रीइंग फ्री ब्लॉक' म्हणून पॅनिक यायचं, आणि तेही चुकीच्या जागेच्या कितीतरी पुढे. सीपीयूज=१ (एकच कोअर) करून चालवलं की येणं बंद, ३ केलं की परत. बघितलं आणि मग घेतलं, या दोन्हींच्या मध्ये कुलूप सुटत होतं. हे कळायला सहा रात्री गेल्या.

तुमच्याकडे बोर्डाचे तीन कोअर बंद करून बघितलं का?

गोदाकाठची · बुधवार, सकाळी ८:१०

एक कुलूप तोडून वेगवेगळी करणं म्हणजे आपला सिंहस्थच की! वैष्णव आखाडे रामकुंडावर, शैव त्र्यंबकेश्वरला. आधी स्नान कोणाचं हा वाद एकाच कुंडावर सुटत नाही, कुंडंच दोन केली की सुटतो.

कर्नलकाका · बुधवार, सकाळी ८:४५

@तिसरं_वर्ष_पास शाब्बास बाळा. सहा रात्री म्हणजे स्वस्तात सुटलीस. पण एका कोअरवर गेलं नाही तर रेस नाही, असं मात्र धरू नकोस. आयओची (चिपवर लिहिण्या-वाचण्याची) वाट बघत एक थ्रेड झोपला की दुसरा त्याच कोअरवर चालतोच.

अंबडकर, शेवटचीच नोंद का, हे जवळपास दिसतंय. मधली कुठलीही नोंद चुकून राहिली तरी पुढची नोंद आल्यावर ब्लॉक पुन्हा डर्टी होतो आणि सगळाच पुन्हा उतरतो. चूक झाकली जाते. चौसष्टावीनंतर त्या ब्लॉककडे कोणी फिरकत नाही, म्हणून तिची चूक उघडी पडते. म्हणजे चूक सगळ्या नोंदींवर होत असणार, दिसते फक्त शेवटच्या नोंदीवर.

फ्लशरमध्ये कुठल्या क्रमाने काय होतं ते सांगा. कोड नको, वाक्यात.

अंबडकर_७ · बुधवार, सकाळी ९:३०

स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेतो. ब्लॉक डर्टी आहे का बघतो. लॉक सोडतो. ब्लॉक ईएमएमसीवर लिहितो आणि पूर्ण होईपर्यंत थांबतो. परत लॉक घेतो. डर्टी फ्लॅग पुसतो. लॉक सोडतो.

नोंद घालणारा थ्रेड: लॉक घेतो, नोंद लिहितो, डर्टी फ्लॅग लावतो, लॉक सोडतो.

लिहिता लिहिताच दिसलं. अरे देवा.

मेनरोडचा_मुंगळा · बुधवार, सकाळी ९:४१

आम्हाला नाही दिसलं. कोणीतरी माणसाच्या भाषेत सांगा.

गोदाकाठची · बुधवार, सकाळी १०:२०

मी सांगते, शाळेत शिकवते, सवय आहे. तुमच्या सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्याला पाटी लावलीय: 'भरलाय'. घंटागाडीवाला दादा पाटी बघतो, डबा उचलून गाडीत रिकामा करतो, डबा जागेवर ठेवतो, गाडीला घंटी मारतो, आणि मग परत येऊन पाटी उलटी करतो: 'रिकामा'. डबा ठेवल्यापासून पाटी उलटी होईपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही वरून धावत आलात, एक पिशवी टाकली आणि पाटी 'भरलाय' केली. ती होतीच 'भरलाय'. दादा आला, त्याने ती 'रिकामा' केली. आता आत पिशवी आहे आणि पाटी म्हणते रिकामा. उद्या तिथे गाडी थांबणारच नाही.

आधी पाटी उलटी करायची, मग डबा उचलायचा. मध्ये कोणी पिशवी टाकली तर तो पाटी परत फिरवेल. फार तर उद्या एक फेरी जास्त होईल.

बरोबर ना काका?

कर्नलकाका · बुधवार, सकाळी १०:४०

ताई, हे मी तीस वर्षं फळ्यावर चौकोन काढून सांगतोय आणि पोरं जांभया देतात. उद्यापासून घंटागाडी.

लिनक्सच्या पेज कॅशमध्येही हाच क्रम आहे. पेज लिहायला धाडण्याआधी त्याचा डर्टी फ्लॅग उतरवतात, नंतर नाही.

आकडेही जुळतायत बघा. पॅकहाउसवर दिवसाला २१६० ब्लॉक भरतात. ईएमएमसीला एक ब्लॉक लिहायला तीनेक मिलिसेकंद धरा, फ्लशर दर ५ सेकंदांनी. चौसष्टावी नोंद नेमकी त्या तीन मिलिसेकंदांत सापडण्याची शक्यता हजारात अर्ध्याच्या जरा वर. २१६० ला गुणा. दिवसाला एखादी. तुम्ही आठवड्याला पाच-सहा म्हणताय.

सगळं_टूलने_होतं · बुधवार, सकाळी ११:१५

इतकी डोकेफोड कशाला? केसीसॅन (कर्नलमधल्या रेस शोधणारं टूल) चालू करायचं, तासाभरात रेस कुठल्या ओळीवर आहे ते सांगतं. २०२० मध्ये कर्नल ५.८ मध्ये आलं. अजून हेक्सडंप कागदावर लिहिणारे लोक बघून कीव येते.

कर्नलकाका · बुधवार, सकाळी ११:५०

एक, त्यांचं कर्नल ४.१९ आहे. दोन, असतं तरी ते गप्पच बसलं असतं. केसीसॅन डेटा रेस पकडतं, म्हणजे कुलूप न लावता दोघांनी एकाच जागेला हात लावला तर. इथे फ्लॅगला प्रत्येक वेळी नीट कुलूप लावलंय. चूक क्रमात आहे.

सगळं_टूलने_होतं · बुधवार, दुपारी १२:०५

फ्लॅगला कुलूप आहे, पण ब्लॉकच्या आतल्या डेटाला? आयओ चालू असताना नोंद घालणारा त्याच पानावर लिहितोय. तिथे कुलूप नाही.

कर्नलकाका · बुधवार, दुपारी १२:३०

मुद्दा चांगला आहे. पण ते पान डीएमएवरून वाचलं जातं, म्हणजे हार्डवेअर ते थेट मेमरीतून उचलतं, सीपीयूच्या कोडमधून नाही. केसीसॅन कंपायलरने घातलेल्या तपासण्यांवर चालतं, त्याला डीएमए दिसत नाही. टूल वाईट आहे असं म्हणत नाहीये. लॉकडेपने (कुलपांच्या क्रमातल्या चुका पकडणारं टूल) माझी किती रात्रींची झोप वाचवली त्याची गणती नाही. पण 'कीव' हा शब्द मागे घ्या.

सगळं_टूलने_होतं · बुधवार, दुपारी १२:३८

घेतला.

मेनरोडचा_मुंगळा · बुधवार, दुपारी १:०२

सोपा उपाय. आयओ संपेपर्यंत लॉक सोडूच नका.

व्हर्जन_तपासलं_का · बुधवार, दुपारी १:२०

स्पिनलॉक धरून झोपता येत नाही, 'शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक' म्हणून कर्नल बोंब मारेल. म्यूटेक्स (धरून झोपता येतं असं कुलूप) लावला तर चालेल, पण मग ईएमएमसी आतली साफसफाई करत अर्धा सेकंद अडली की सेन्सरची फेरीही तेवढी अडणार.

आणि हे वाचून ओपनझेडएफएस या फाइलसिस्टीमचं आठवलं. नोव्हेंबर २०२३. फाइल कॉपी केली की प्रतीत मध्येच शून्यांचे पट्टे. तेव्हा २.२.० नवीन आलं होतं, म्हणून सगळ्यांनी त्यातल्या ब्लॉक क्लोनिंगवर खापर फोडलं. ते बंद केलं तरी होतच होतं. मूळ किडा कितीतरी जुना निघाला: फाइल डर्टी आहे का, हे नेमक्या चुकीच्या क्षणी विचारलं तर उत्तर 'नाही' यायचं, मग जिथे डेटा आहे तिथे 'पोकळी आहे' असं सांगितलं जायचं. नव्या कोअरयुटिल्समधली सीपी ही कॉपी करणारी कमांड पोकळी कुठे आहे ते विचारते आणि ती सोडून देते, म्हणून ते जास्त उघडं पडलं. २.२.२ आणि २.१.१४ मध्ये दुरुस्ती आली. इथेही तिथेही भांडण एकाच प्रश्नाचं: डर्टी आहे का, आणि कधी विचारलं.

अंबडकर_७ · गुरुवार, रात्री ९:४०

दुरुस्ती करायच्या आधी काकांच्या सांगण्यावरून किडा मुद्दाम बोलावला. ईएमएमसीच्या पार्टिशनवर डिव्हाइस मॅपरचं डीएम-डिले बसवलं, प्रत्येक लिखाण ३०० मिलिसेकंद उशिरा. मॉड्यूलच्या कोडला हातही लावला नाही. १६ सेन्सरऐवजी नकली नोंदी पाठवणारी स्क्रिप्ट. तासाभर चालवून पेटी बंद-चालू केली: सहा गायब. परत तासभर: पाच. सगळ्या ४०३२ वर. तीन महिने जो आठवड्याला पाच-सहा वेळा यायचा, तो आता तासाला येतोय. इतका आनंद मला बग दिसल्याचा कधी झाला नव्हता.

मग फ्लॅग पुसायची ओळ उचलून आयओच्या वर, पहिल्याच लॉकमध्ये टाकली. आयओ फसला तर फ्लॅग परत लावायचा, तेवढं वाढवलं. चार तास चालवलं. शून्य.

एक ओळ चार इंच वर सरकवली, बस. उद्या दुपारी पिंपळगावला जाऊन टाकून येतो. सगळ्यांचे आभार, सातपूरला मिसळ माझ्याकडून.

तर्रीबाज · गुरुवार, रात्री ९:४३

पापड मोजून देणाऱ्या ठिकाणी नको.

मेनरोडचा_मुंगळा · गुरुवार, रात्री ९:५०

अभिनंदन! तो पुण्याचा माणूस इतकी सरळ चूक कशी करून गेला?

तिसरं_वर्ष_पास · गुरुवार, रात्री ११:१८

एक शंका आहे, बावळट असेल तर सोडून द्या. लाईट गेल्यावर जो वेगळा थ्रेड चालतो, तो 'सगळं लिहून झालं' हे कशावरून ठरवतो? डर्टी फ्लॅग बघूनच का?

कारण आता फ्लॅग आधीच पुसलेला असेल आणि आयओ अजून वाटेत असेल, तर त्याला सगळं स्वच्छ दिसेल. तो पेटी बंद करेल.

अंबडकर_७ · शुक्रवार, सकाळी ६:०५

रात्री बाराला वाचलं, झोप लागली नाही.

हो. डर्टी फ्लॅगच बघतो. एकही डर्टी नाही दिसला की ईएमएमसीची वीज तोडतो.

म्हणजे पुण्याच्या माणसाने फ्लॅग आयओनंतर पुसला होता तो याचसाठी. त्याच्या क्रमाने लाईट गेल्यावरचा रस्ता सुरक्षित होता आणि चालू पेटीतली शेवटची नोंद मरत होती. माझ्या क्रमाने नोंद वाचते, आणि लाईट नेमकी आयओच्या मध्ये गेली तर अख्खा ब्लॉक अर्धवट. माझ्या चार तासांच्या टेस्टमध्ये मी पेटी प्रत्येक वेळी सभ्यपणे बंद केली होती, पिन उपटली नव्हती.

पिंपळगाव रद्द. मालकाला सांगितलं गाडी पंक्चर आहे.

कर्नलकाका · शुक्रवार, सकाळी ७:३०

ही माझी चूक. लिनक्सचा क्रम सांगितला, पण अर्धाच. तिथे डर्टी उतरवतात आणि त्याच वेळी दुसरा फ्लॅग चढवतात, रायटबॅक. 'वाटेत आहे.' तो आयओ संपल्यावर उतरतो. एकाच फ्लॅगवर दोन प्रश्न लादले की हे होतं. 'नवीन काही आहे का' हा एक प्रश्न, 'जुनं पोचलं का' हा दुसरा.

अंबडकर, आणखी एक बघा. रायटबॅक चढलेला असताना ब्लॉक पुन्हा डर्टी झाला, तर तोच ब्लॉक लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. वाटेतल्या दोन आयओंमध्ये आधी कोण पोचेल याची हमी ब्लॉक लेयर देत नाही. लाईट गेल्यावरचा थ्रेड आणि फ्लशर असे दोघं पाठवणारे आहेत तुमच्याकडे. पहिला उतरू द्या, मग दुसरा.

आणि @तिसरं_वर्ष_पास, तुझी शंका या धाग्यातली सगळ्यात कामाची आहे.

एकलहरे_निवृत्त · शुक्रवार, सकाळी ७:४४

मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हटलं होतं?

तर्रीबाज · शुक्रवार, सकाळी ७:५०

काका, तुम्ही अर्थिंग म्हणाला होतात.

एकलहरे_निवृत्त · शुक्रवार, सकाळी ७:५८

लाईट म्हणालो होतो. वर जाऊन वाचा.

अंबडकर_७ · पुढचा बुधवार, रात्री ८:२०

शेवटची खबर. दुसरा फ्लॅग घातला. लाईट गेल्यावरचा थ्रेड आता डर्टी आणि रायटबॅक दोन्ही उतरेपर्यंत थांबतो, आणि वाटेत असलेला ब्लॉक कोणीच दुसऱ्यांदा पाठवत नाही.

टेस्टसाठी पेटीच्या वायरीत एक रिले घातला, पेटी वर येऊन नोंदी सुरू झाल्या की अधूनमधून वीज तोडणारा. डीएम-डिले तसंच ठेवलं. नुसत्या एका ओळीच्या दुरुस्तीवर आधी चालवलं: एका रात्रीत तीन ब्लॉक अर्धवट. ती टाकून आलो असतो तर? नवीन कोडवर तीन रात्री चालवलं, रिलेचा टकटक आवाज ऐकून वॉचमन वर येऊन बघून गेला. शून्य गायब, शून्य अर्धवट. काल पिंपळगावला टाकून आलो.

@तिसरं_वर्ष_पास, तुला शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप हवी असेल तर व्यनि कर. पगार फार नाही, चहा चांगला आहे.

तर्रीबाज · पुढचा बुधवार, रात्री ८:३१

आणि त्या १६ नंबरच्या सेन्सरचं बिल?

अंबडकर_७ · पुढचा बुधवार, रात्री ८:५५

परत केलं, केबलसकट. मालक काही बोलला नाही, गाडीत द्राक्षांच्या दोन पेट्या ठेवल्या. पंक्चर निघालं का विचारत होता.